चिऱ्याच्या भिंती, कौलांचं छप्पर आणि नवा ओटा

वाचकाचं पत्र : आमचं घर खानापूर तालुक्यात, नंदगडच्या बाजूला आहे. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, वर मंगळुरी कौलं. स्वयंपाकघर पूर्व-पश्चिम ११ फूट आणि उत्तर-दक्षिण ८ फूट. पश्चिमेला एकच खिडकी, उत्तरेच्या भिंतीत माजघराचं दार आणि दाराशेजारी भिंतीतलं जुनं सागवानी फडताळ. पूर्वेच्या भिंतीमागे परसू. ओटा शहाबादी फरशीचा, २८ इंच उंच. माझी उंची ५ फूट ४ इंच, सासूबाईंची ५ फूट. दर पावसाळ्यात भिंतीच्या खालच्या भागाचे पोपडे निघतात. बेळगावच्या एका दुकानदारानं प्लायवूडची मॉड्युलर कपाटं आणि जिप्समचं फॉल्स सीलिंग सुचवलंय. जवळ दीड लाख आहेत. सासूबाईंना शेगडी आग्नेयेलाच हवी, फडताळ आणि पितळी भांडी हलवायची नाहीत. मला मोबाइलवर दिसतं तसं देखणं स्वयंपाकघर हवंय. दोघींचं जमेल का?

उत्तर :

ताई, जमेल. सासूबाईंच्या दोन्ही अटी तुमच्या फायद्याच्याच आहेत. दुकानदाराचा कागद मात्र आत्ता बाजूला ठेवा. तो बेळगावातल्या स्लॅबच्या फ्लॅटला शोभेल. खानापूरच्या पावसात, चिऱ्याच्या भिंतीला टेकवलेलं प्लायवूड दोन-तीन पावसाळ्यांत मागून काळं पडतं, आणि आधी वास येतो, मग दिसतं.

सुरुवात भिंतीपासून. ओल कुठून येते हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. पोपडे जमिनीपासून वर दोन-तीन फुटांपर्यंत सलग असतील तर ओल जमिनीतून चढतेय. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी उतरत असेल तर तो पश्चिमेच्या पावसाचा मारा. वरून खाली ओघळ दिसत असतील तर कौल सरकलंय किंवा फुटलंय. शंका राहिलीच तर भिंतीचा एक फूट तुकडा कोरडा पुसून त्यावर डब्याला गुंडाळतो ती चंदेरी फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा आणि दोन दिवस ठेवा. फॉइलच्या भिंतीकडच्या अंगाला पाणी जमलं तर ओल भिंतीतली. बाहेरच्या अंगाला जमलं तर ती तुमच्याच भाताच्या पेजेची वाफ, म्हणजे रोग भिंतीचा नाही, हवा न खेळण्याचा.

तुमच्या वर्णनावरून ओल चढती वाटते. तिचा उपाय निम्मा घराबाहेर आहे. परसातली माती वर्षानुवर्षं साचून जोत्याला टेकली असेल, तर ती खणून बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान ६ इंच खाली न्या. पागोळ्या जिथं पडतात तिथं भिंतीलगत दगडगोटे भरलेली उथळ चारी काढा आणि तिला उतार देऊन पाणी घरापासून लांब सोडा. पागोळीचं पाणी जोत्याशीच जिरत राहिलं तर आतून कसलाही भारी रंग लावा, तो निघणारच.

आतला उपाय म्हणजे सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट काढून टाकणं. चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी शोषतो आणि हवा लागली की सोडतो. त्याच्यावर सिमेंट, पुट्टी आणि ऑइलपेंटचे थर चढले की आतलं पाणी कोंडतं, क्षार पृष्ठभागाशी येऊन फुलतात आणि रंग ढकलून टाकतात. तुमचे पोपडे ते हेच. ओलीच्या रेषेच्या एक फूट वरपर्यंत गिलावा खरवडा, सांधे तारेच्या ब्रशनं झाडा आणि भिंत उघडी ठेवून पूर्ण वाळू द्या. मग १ भाग चुना, १ भाग सुरखी आणि २ भाग चाळलेली वाळू असा गिलावा दोन हातांत, मिळून अर्धा इंच. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची किंवा कौलाची भुकटी. खानापूर कौलांचं आणि कुंभारकामाचं गाव, तिथं ती शोधावी लागू नये. दुसरा हात पहिला कडक झाल्यावरच, आणि आठवडाभर हलकं पाणी मारत राहायचं. गवंड्याला घाई असते, तो "थोडं सिमेंट टाकतो, लवकर बसेल" म्हणेल. ऐकू नका. वर चुन्याच्या सफेदीचे तीन पातळ हात. चुना कालवताना डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच.

आता मांडणी. शेगडी आग्नेयेला, म्हणजे पूर्वेच्या भिंतीला. ही जागा वास्तूपुरतीच नाही, पावसाच्या दृष्टीनंही बरोबर आहे. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. पूर्वेची भिंत त्याच्या आडोशाला असते, म्हणून धूर बाहेर टाकायचा पंखा याच भिंतीत, शेगडीच्या वर, कौलांच्या खाली बसवा. तुमच्या खोलीला झडपेचा ९ इंची पंखा पुरे, फक्त तो चालू असताना पश्चिमेची खिडकी बोटभर उघडी हवी. हवा आत आली नाही तर पंखा नुसता गुरगुरतो. चिमणीच हवी असेल तर ६ इंची नळी याच भिंतीतून एकाच वळणात बाहेर काढा आणि तोंडावर खाली वळलेली टोपी बसवा. कौलं फोडून नळी वर नेलेली चिमणी हमखास गळते.

ओटा इंग्रजी एलच्या आकाराचा करा. दक्षिणेच्या भिंतीला साडेआठ फूट, कोपऱ्यासकट, आणि पूर्वेच्या भिंतीला उरलेले सहा फूट. पण दोन्ही एका उंचीचे करू नका. या पत्राला आमचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच.

कापायचं-चिरायचं काम कोपरापेक्षा ४ ते ६ इंच खाली असेल तर खांदे आखडत नाहीत. ५ फूट ४ इंच उंचीच्या बाईचं कोपर साधारण ४० इंचांवर येतं, ५ फुटांच्या बाईचं ३८ च्या आसपास. म्हणजे दक्षिणेचा ओटा ३४ इंच ठेवला तर दोघींनाही चालतो. भांडी घासताना हात सिंकच्या तळाशी जातात, म्हणून सिंकही याच उंच भागात. पीठ मळणं आणि भाकरी थापणं ही दाबाची कामं. त्यांना जोर खांद्यातून, अंगाच्या वजनानं लागतो आणि जागा आणखी खाली हवी. पूर्वेचा ओटा म्हणून ३० इंच. शेगडीही त्याच भागावर, कारण शेगडीची स्वतःची उंची ५-६ इंच असते. ३४ इंची ओट्यावर शेगडी ठेवली की तवा ४० इंचांवर जातो, सासूबाईंना तव्यावरची भाकरी उलटताना हात वर धरावा लागतो आणि मोठ्या पातेल्यात तर डोकावताही येत नाही. शोरूममध्ये सगळा ओटा एका सपाटीत दाखवतात, कारण तो फोटोत चांगला दिसतो.

उंच भागापासून सहा इंच सोडून शेगडी, तिच्या डावीकडे भाकरीसाठी मोकळी तीन फूट जागा. परात मावते, पिठाचा डबा शेजारी राहतो, आणि थापलेली भाकरी उजवीकडे उचलून थेट तव्यावर जाते. उंच ओट्यावर कोपऱ्यापासून तीन फूट कापायची जागा, मग दोन फूट सिंक, मग दीड फूट भांडी निथळायला. पश्चिमेला उरलेल्या अडीच फुटांत फ्रिज. खिडकीखालची जमीन मोकळी सोडा. विळीवर बसून नारळ खवायला आणि पंगतीच्या दिवशी वाटण-निवडण करायला ती लागतेच.

दोन ओट्यांमधली ४ इंचांची पायरी ही या कामातली नाजूक जागा. तिथं ग्रॅनाइटची उभी पट्टी वरच्या फरशीच्या खाली सरकवून बसवायला सांगा, नुसती कडेला चिकटवलेली नको. पट्टी आणि खालची फरशी यांच्या सांध्यात पांढरं सिमेंट न भरता सिलिकॉन भरा. शेगडीच्या उष्णतेनं सिमेंटला चीर पडते, त्यात तेल मुरतं आणि मुंग्यांची रांग लागते. वरच्या फरशीच्या पुढच्या कडेला खालून बोटभर आत एक बारीक खाच मारून घ्या. सांडलेलं पाणी त्या खाचेशी तुटून खाली ठिबकतं, कपाटाच्या आत वळत नाही.

फरशीसाठी काळं ग्रॅनाइट सगळे घेतात, पण बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग त्यावर लगेच उठून दिसतात. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं लालसर दाणेदार ग्रॅनाइट बघा. डाग झाकतं आणि चिऱ्याच्या रंगाशी जुळतं. संगमरवर नको, आमसुलाचं आगळ सांडलं की चकाकी गेली. जाडी १८ ते २० मिलिमीटर, आणि खाली कडप्प्याचा पूर्ण आधार.

ओट्याखाली प्लायवूडचे खोके अजिबात नकोत. कडप्प्याच्या उभ्या फळ्या दोन ते अडीच फुटांवर भिंतीत दीड इंच रोवून घ्या आणि आडव्या फळ्याही कडप्प्याच्याच. समोर ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं, खाली-वर जाळी. ओल लागो, वाळवी येवो, दगडाला फरक पडत नाही. ओट्याखालच्या भिंतीला टाइल लावू नका, तिथं चुनाच राहू द्या. चढती ओल तिथूनच सुकणार आहे. टाइल लावायची ती ओट्याच्या वर दोन फूट, शेगडीमागे पंख्यापर्यंत, तीही गुळगुळीत चकाकीची. खरखरीत टाइलवर फोडणीचं तेल बसतं ते निघत नाही. सांध्यांना इपॉक्सी ग्राउट, महाग पडला तरी.

सिलिंडर दक्षिणेच्या ओट्याखाली, कोपऱ्याला लागून असलेल्या कप्प्यात उभा ठेवा. रेग्युलेटर फिरवायला हात सहज जायला हवा, आणि शेगडी कायम सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीशी साचतो, म्हणून कप्प्याच्या दाराला खालच्या बाजूला जाळी अत्यावश्यक. नुसत्या वरच्या जाळीनं तिथं काही साधत नाही. नारिंगी सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको, आणि पाच वर्षांनी बदलायची.

सिंक घेताना दुकानात घरातलं सगळ्यात मोठं पातेलं नेलं तर हसतील, हसू दे. २४ बाय १८ इंच, ९-१० इंच खोल असं एकच भांडं घ्या. दोन भांड्यांच्या सिंकमध्ये आपली परात कुठल्याच भागात बसत नाही. सांडपाण्याच्या नळीला दर साडेतीन फुटांना एक इंच उतार. सिंकखालचा कप्पा रिकामा, नुसत्या जाळीच्या दाराचा. गळती दिसायला हवी.

वायरिंगचं एकच सांगणं : वायरी वरून खाली उतरवा, ओल्या भागातून वर नेऊ नका. चिऱ्यात खाच मारण्यापेक्षा पीव्हीसीच्या पट्टीतून बाहेरून गेलेली वायर तुमच्या घरात जास्त सुरक्षित आणि दुरुस्तीला सोपी. इंडक्शन किंवा ओव्हनसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, ४ चौरस मिलिमीटर वायर. प्लग सिंकपासून निदान दोन-तीन फूट लांब. मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका, नसेल तर तो आधी बसवा. मीटरवरचा मंजूर भार कमी असेल तर हेस्कॉमकडे, म्हणजे वीज कंपनीकडे, वाढवून घ्या, नाहीतर इंडक्शन आणि मिक्सर एकदम लावले की घरात अंधार.

आता तुमच्या मनातला भाग, देखणेपणा. फॉल्स सीलिंगचा विचार सोडा. जिप्सम ओलीत फुगतं, कौलाची गळती महिनोन्‌महिने झाकून ठेवतं आणि उंदरांना माळा मिळतो. त्याऐवजी वासे आणि रिपा घासून स्वच्छ करा आणि त्यांना उकळलेलं जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कापडानं चोळा. जुनं लाकूड असं उजळतं की वरती बघतच राहाल. तेलाची कापडं मात्र चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून, मग उन्हात पसरून वाळवा आणि मगच फेका. छपराच्या उत्तर उतारावर, कापायच्या जागेच्या आसपास दोन ते चार काचेची कौलं बसवा, शेगडीच्या नेमकं वर मात्र नको. उत्तरेचा उजेड मऊ असतो, डोळ्यांवर येत नाही, आणि एकाच खिडकीच्या खोलीचं रूपच पालटतं. काचेची दोन कौलं जास्तीची आणून ठेवा. वानरं छपरावरून गेली की लागतात. रात्रीसाठी ओट्यावरच्या फळीच्या पुढच्या कडेला खालून एलईडी पट्टी. मागच्या कडेला लावली तर उजेड भिंतीवर पडतो आणि सुरी अंधारात राहते.

फडताळ हे तुमच्या खोलीतलं सगळ्यात सुंदर फर्निचर आहे, ते फुकटात मिळालंय. जुना रंग खरवडून सागवान उघडं करा. आतला कोनाडा भिंतीपेक्षा गडद रंगवा. इलकल साडीच्या पदराचा डाळिंबी लाल घ्या, पांढऱ्या भिंतीत तो एकच चौकोन पुरे. दारांच्या वरच्या फळ्या काढून तिथं काच घालायची असेल तर काचेमागे गुळेदगुड्डच्या खणाचे जुने तुकडे लावता येतील. कापड काच आणि पातळ फळी यांच्यात आवळून बंद करू नका, बुरशी धरेल. मागून मोकळं, चार टाचण्यांवर ताणलेलं असावं.

पितळ सगळं बाहेर मांडलं तर खोली भांड्यांचं दुकान वाटते. सासूबाईंनाच पाच-सात भांडी निवडू द्या : एक घागर, एक तपेली, कळशी, पोहऱ्याचा लोटा, असं काही. उंच-ठेंगणं मिसळून मांडा आणि मध्ये बोटभर जागा सोडा. शेगडीपासून चार-पाच फूट लांब असलेल्या फडताळात ती राहिली तर तेलाचा चिकट थर बसत नाही, चिंचेनं महिन्यातून एकदा घासलं तरी भागतं. ज्यात आंबट शिजवणार त्याला कल्हई हवी.

खानापूरच्या मातीच्या टाइल आणि जाळीच्या विटांचा विचार जरूर करा. खिडकीच्या वर जाळीच्या विटांची एक रांग घेतली तर वाफ निघून जाते आणि दुपारी भिंतीवर नक्षी पडते. मागून बारीक तारेची जाळी लावा, आणि खिडकीवर दोन फूट पुढे आलेली कौलारू छपरी असल्याशिवाय हे करू नका. बिनचकाकीची मातीची टाइल शेगडीमागे मात्र लावायची नाही, तेल पिते.

अगोटीच्या बेगमीला जागा ठेवा, नाहीतर संकेश्वरी मिरचीची पोती शेवटी तुमच्या नव्या ओट्यावर येतील. फडताळाच्या पलीकडे उत्तरेच्या भिंतीला स्टीलची मांडणी, भिंतीपासून दोन इंच सुटी, खालची फळी जमिनीपासून ४ इंच वर. चिनी मातीच्या बरण्या तिच्यावरच.

दीड लाखाची वाटणी आम्ही अशी करू : चतुर्थांश भिंत, चारी, कौलं आणि लाकूड यांना, पाचवा हिस्सा नळ आणि वायरिंगला, तिसरा हिस्सा ओटा, टाइल आणि सिंकला, उरेल ते दारं, मांडणी, पंखा आणि फडताळाला. पैसे कमी पडले तर दारं पुढच्या वर्षी लावा, तोवर पडदे चालतील, फक्त शेगडीच्या बाजूला पडदा नको. काम दिवाळीनंतर सुरू करा म्हणजे भिंतीला वाळायला हिवाळा मिळेल, आणि मृगाच्या आधी सगळं आटपा. कुठं लाकडी दार करून घेतलंच, तर सुतारानं चैत्र-वैशाखात बसवताना त्याला कडेनं ३ मिलिमीटर फट ठेवायला हवी. तेव्हा ती खटकते, पण आषाढात लाकूड फुगलं की दार अडकत नाही.

ट्रॉल्या घ्याल तर दोनच घ्या, चमच्यांची आणि ताटांची. स्टील ३०४ प्रतीचं मागा. २०२ प्रतीचं स्टील दिसायला तसंच असतं, स्वस्त असतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत लवकर गंजतं. लोहचुंबक लावून फरक कळत नाही, दोन्हीला तो चिकटत नाही, म्हणून बिलावर '३०४' असं लिहून घ्या, बिजागऱ्यांच्या बाबतीतही.